सनद ते निकाल : बॅरिस्टर आंबेडकरांची चौदा वर्षे

आम्ही कात्रपची माणसं रोज बदलापूर स्टेशन गाठतो, गाडी पकडतो, संध्याकाळी परततो. याच बदलापुरात ३ मे १९२७ रोजी शिवजयंतीचा उत्सव झाला आणि त्याचं अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवलं. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ते दीडच महिन्यापूर्वी प्याले होते. विलायतेत शिकून आलेला हा बॅरिस्टर राजकारणात कसा उतरला, हे त्या काळातल्या घटना एका ओळीत मांडल्या की समजतं.

लंडनच्या ग्रेज इनमधून ते १९२२ साली बॅरिस्टर झाले. सनदेसाठी पैसे नव्हते, तेव्हा नवल भथेना हे पारशी मित्र मदतीला आले. जुलै १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू झाली. पण अस्पृश्य वकिलाकडे सॉलिसिटर कामं पाठवीनात. पोटासाठी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. जे खटले घेतले, त्यांतून मात्र माणूस दिसतो. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाबद्दल जेधे-जवळकरांवर खटला झाला, तेव्हा १९२६ साली त्यांची बाजू मांडून त्यांना सोडवलं. पुढे १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्व्यांसाठी उभे राहिले. तो खटला हरले, पण अप्रिय माणसाचं वकीलपत्र नाकारलं नाही.

१९२७ हे वळणाचं वर्ष. सुरुवातीलाच ते मुंबई कायदेमंडळात नियुक्त सदस्य म्हणून आले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव त्याच कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला होता आणि महाड नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. तरी तळ्यावर जायची कुणाची छाती होत नव्हती. २० मार्चला बाबासाहेब परिषदेला जमलेल्या हजारो लोकांसह तिथे गेले आणि पाणी प्याले. ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ निघालं, मे महिन्यात बदलापूर. सभागृह, रस्ता, वृत्तपत्र आणि उत्सवाचा मंडप, चारही ठिकाणी त्यांचं म्हणणं एकच होतं : कागदावरचा हक्क बजावल्याशिवाय आपला होत नाही.

डिसेंबरात सनातन्यांनी कोर्टात जाऊन मनाईहुकूम आणला. दुसऱ्या परिषदेला महाडात जमलेले लोक तळ्यावर जायला उतावीळ होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. ज्या कायद्याच्या बळावर लढायचं, त्याचा हुकूम मोडायचा नाही, असा तो निर्णय होता. माझ्या मते त्यांच्यातला वकील आणि पुढारी इथे सर्वांत जवळ आले.

दावा महाडला चालला, अपील आपल्या ठाण्याच्या न्यायालयात आलं आणि तिथून मुंबई हायकोर्टात गेलं. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी सनातन्यांचं अपील फेटाळलं. अस्पृश्यांना दूर ठेवण्याचा हक्क देणारी अनादि काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नव्हती. पाणी प्यायला दहा वर्षं व्हायला तीनच दिवस उरले होते. मधल्या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. निकालाच्या महिनाभर आधी बाबासाहेब विधानसभेवर निवडून आले होते आणि सप्टेंबरात त्यांनी कोकणातल्या कुळांसाठी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं.

खटला जिंकला तर एका तळ्याचा प्रश्न सुटतो. देशभरच्या तळ्यांसाठी कायदा करणाऱ्यांत बसावं लागतं. म्हणून मला वाटतं, त्यांचं राजकारण हे वकिलीचंच पुढचं पाऊल होतं.

पुढे ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्या घटनेचा पंधरावा अनुच्छेद प्रत्येकाने एकदा तरी वाचावा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणत्याही नागरिकाला ज्या सार्वजनिक जागा वापरण्यापासून अडवता येणार नाही, त्यांत विहिरींच्या शेजारीच तलाव हा शब्द आहे.