चलनात न आलेली ‘स्टेला’

टांकसाळीत पाडले गेले, पण बाजारात कधी चाललेच नाही, अशा नाण्याला किंमत ती कशाची? संग्राहकांच्या जगात मात्र याच नाण्यांवर मोठी बोली लागते. नवी रचना, नवा धातू किंवा नवे मूल्य अजमावण्यासाठी टांकसाळ मोजके नग काढत असे. त्यांना ‘पॅटर्न’, म्हणजे नमुना-नाणी, म्हणतात. अमेरिकेची चार डॉलरची ‘स्टेला’ हे त्यांतील बहुचर्चित उदाहरण.

फ्रान्स, बेल्जियम, इटली व स्वित्झर्लंड यांनी १८६५ मध्ये लॅटिन चलन संघ स्थापन केला. युरोपात सहज स्वीकारले जाईल असे नाणे अमेरिकेनेही काढावे, असा आग्रह ऑस्ट्रिया-हंगेरीतील अमेरिकी राजदूत जॉन कॅसन यांनी धरला. त्यातून १८७९ मध्ये स्टेला जन्मली. एका बाजूस पंचकोनी तारा. दुसऱ्या बाजूस स्वातंत्र्यदेवतेभोवती चक्क धातूंचे प्रमाण कोरलेले: ६ ग्रॅम सोने, ०.३ ग्रॅम चांदी, ०.७ ग्रॅम तांबे. घोडे अडले ते हिशेबात. वीस फ्रँकच्या नाण्यात शुद्ध सोने सुमारे ५.८ ग्रॅम. म्हणजे नाणी एकमेकांशी जुळतच नव्हती! योजना बारगळली.

नाणी मात्र उरली. चार्ल्स बार्बर यांच्या रचनेतील देवतेचे केस मोकळे आहेत, तर जॉर्ज मॉर्गन यांच्या रचनेत वेणीचा अंबाडा आहे. १८७९ची मोकळ्या केसांची स्टेला चारशेहून अधिक निघाली. त्यांतील बरीच काँग्रेसच्या सदस्यांकडे गेली. अंबाड्याची स्टेला त्या मानाने फारच दुर्मिळ. अनेक स्टेला पुढे दागिन्यांत अडकवल्या गेल्या. डाखाची खूण घासून मिटवलेली असली तरी जाणकाराला ती दिसते आणि किंमत घसरते.

याच साच्यांतून तांब्याचेही नग काढले गेले व काहींवर सोन्याचा मुलामा चढला. सोन्याच्या स्टेलाचे वजन ७ ग्रॅम, तांब्याचे नग त्याहून हलके. त्यामुळे पहिली परीक्षा तराजूवरच होते. १८५६च्या ‘फ्लाइंग ईगल’ सेंटबाबत तराजूही उपयोगाचा नाही. हेही नमुना-नाणेच, पण १८५८ची तशीच नाणी कोट्यवधींनी चलनात आली होती. त्यांवरील शेवटचा ८ कोरून ६ करण्याचा उद्योग जुना आहे. तेथे भिंगाखाली आकड्याचे वळण तपासल्याशिवाय व्यवहार करणे धोक्याचे.

जे. हेविट जड यांच्या १९५९च्या ग्रंथातील क्रमांक आजही अशा नाण्यांची ओळख मानले जातात. मोकळ्या केसांच्या सुवर्ण स्टेलाचा क्रमांक १६३५, तर अंबाड्याच्या स्टेलाचा १६३८.