चांदण्याच्या मापाची बॅटरी

देवगाव रंगारीच्या शिवारात रात्रीच्या लाइटला पाणी भरायला निघालेला माणूस घरात विचारतो, ‘बॅटरी कुठंय?’ बॅटरी म्हणजे टॉर्च आणि तिच्या पोटात जातात ते सेल. त्या टोकाच्या बांधावर काही हललं तर दिसायला हवं, म्हणून त्याची पसंती लांब झोताला. त्याच्या कामाला ती निवड अगदी योग्य. पण हीच बॅटरी घेऊन तो वेरूळमार्गे दौलताबादला गेला आणि किल्ल्याच्या ‘अंधारी’त शिरला, तर पंचाईत होईल.

खंदक ओलांडला की कातळात कोरलेली ही भुयारी वाट लागते. ती चढते, वळते, पुन्हा वळते. पायऱ्या उंचसखल, माथ्यावर वटवाघळं. किल्ला राखणाऱ्यांनी इथं काळोखालाच पहाऱ्यावर बसवलं होतं. मशाल घेऊन आलेल्या शत्रूला वळणापलीकडचं दिसत नसे; वर दबा धरून बसलेल्याला मात्र तो स्वतः लख्ख दिसे.

अशा जागी लांब झोत हाताभरावरच्या भिंतीवर आदळतो. तिथं डोळे दिपवणारा पांढरा ठिपका पडतो आणि पायाखालची पायरी काळोखातच राहते. इथं हवा पसरट, मऊ उजेड, शक्यतो कपाळावरच्या हेडलॅम्पचा, म्हणजे दोन्ही हात भिंतीला टेकायला मोकळे. आणि उजेड थोडका पुरतो. उन्हातून काळोखात आलेल्या डोळ्याला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात; एक भगभगीत झोत ती सगळी कमाई क्षणात घालवतो. पडके वाडे, ओस गढ्या, भुयारं पाहत हिंडणाऱ्यांनी म्हणूनच बॅटरीच्या सगळ्यात मंद पायरीवर किती उजेड पडतो, हे आधी तपासावं.

आता खोक्यावरचे आकडे. ल्युमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड, कँडेला म्हणजे एका दिशेला एकवटलेली तीव्रता. आणि मीटर? इथं मी थक्क झालो. टॉर्चच्या प्रचलित मानकात ‘पल्ला’ म्हणजे उजेड ०.२५ लक्सवर उतरतो तिथवरचं अंतर, आणि ०.२५ लक्स म्हणजे जवळपास निरभ्र पौर्णिमेचं चांदणं! कारखान्यात घडलेल्या वस्तूची हद्द माणसानं पौर्णिमेवर नेऊन ठरवली आहे.

हिशोब सोपा आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट जागेवर पसरतो, म्हणून एक चतुर्थांश उरतो. दहा हजार कँडेलाचा झोत २०० मीटरवर चांदण्याइतका होतो. देवगिरीचा, म्हणजे याच दौलताबाद किल्ल्याचा, डोंगर पायथ्यापासून साधारण तेवढाच उंच. म्हणजे ‘२०० मीटर’ छापलेली बॅटरी पायथ्याहून रोखली, तर माथ्यावर जेमतेम चांदणं पडेल. पल्ला ४०० मीटर हवा असेल, तर तीव्रता चौपट लागेल.

बॅटरीतल्या विझलेल्या एलईडीकडे निरखून पाहा, बहुधा पिवळा ठिपका दिसेल. आत निळा प्रकाश जन्मतो, त्यातला काही हा पिवळा लेप पिवळा करून सोडतो आणि दोन्ही मिसळून आपल्याला पांढरं दिसतं. हा निळा एलईडी साधायला दशकं गेली. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं.

सेलची गोष्टही तितकीच नवलाची. साध्या स्वस्त सेलचं जस्ताचं डबडं हेच त्याचं इंधन. वीज देता देता ते स्वतःच झिजतं आणि शेवटी गळतं. म्हणून बॅटरी ठेवून देताना सेल काढावेत, जुना-नवा एकत्र घालू नये. सतत वापरायला चार्ज होणारा लिथियमचा १८६५० सेल उत्तम. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य गोल नळकांड्याचं. चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत जाते. त्यावर ९९०० छापलं असेल, तर तो सेल घेऊ नका. खेड्यात कुठेही मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारी दुसरी बॅटरी खिशात हवीच. खोक्यावरचे ‘१० तास’ हे उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचे असतात, हेही ध्यानात ठेवा.

आणि एक गोष्ट बॅटरीला अजिबात जमत नाही. पूर्वी ज्वारीचं जमिनीतलं पेव उघडलं की आधी वारं खेळू देत, मग कंदील आत सोडत. बंद जागेत धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड साठवतं. कंदील विझला की माणूस बाहेरच थांबे. कंदिलालाही हवा लागत होती. तो आपल्यासारखाच श्वास घेणारा सोबती होता. एलईडीला हवा लागत नाही. माणूस गुदमरेल तिथंही तो शांतपणे लख्ख जळत राहील. कंदिलालाही सगळे विषारी वायू कळत नसत. म्हणून बंद पेवात, जुन्या आडात उतरूच नका. वाड्यात मालकाला विचारून जा, सोबत माणूस न्या, वटवाघळांवर झोत रोखू नका.

अंधारीतून बाहेर पडाल तेव्हा बॅटरी बंद करा आणि क्षणभर थांबा. समोर ऊन असेल. त्याच उन्हाचा चंद्रावरून परतलेला अंश पौर्णिमेच्या रात्री शिवारावर पडतो, आणि हातातल्या बॅटरीचा पल्ला त्यावरूनच मोजलेला असतो.