स्कॅनरवर काय ऐकायचं?

मामाचा स्कॅनर पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी हावरटासारखे दोनशे चॅनेल भरले. अनगोळच्या आमच्या गच्चीवर तासभर बसले, ऐकली नुसती खरखर. मामा वर आला. "काय ऐकायलीस ग? सगळं ऐकायला गेलं की काहीच ऐकू येत नाही बघ."

कारण साधं आहे. स्कॅनर एका वेळी एकच चॅनेल ऐकतो. तिथं सिग्नल नसला की पुढं सरकतो. सेकंदाला वीस चॅनेल धरले तर दोनशेची एक फेरी दहा सेकंदांची. तीन सेकंदांत संपणारं बोलणं त्याच्या पाठीमागंच होऊन जातं. त्यात मोबाइल चार्जरच्या गोंगाटाला सिग्नल समजून तो कुठंतरी ठाण मांडून बसतो ते वेगळंच. आता मी बाराच ठेवलेत.

बहुतेक १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमधले, म्हणजे हॅम लोकांच्या पट्ट्यातले. मामाकडे त्याचं लायसन आहे. ही माणसं कुणीही ऐकावं अशाच बेतानं बोलतात: हवामान, अँटेना, तब्येत, परत अँटेना! पण २००१ च्या भुज भूकंपात फोन बंद पडले तेव्हा निरोप पोचवायला हॅमच धावले होते.

माझा लाडका आकडा १४५.८००. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून जाताना अंतराळवीर कधीकधी शाळेच्या मुलांशी यावर बोलतात. जेमतेम दहा मिनिटं मिळतात. स्थानक जवळ येताना लहर थोडी वर सरकते, लांब जाताना खाली. म्हणून शेजारचे दोन आकडेही भरून ठेवायचे. याला 'प्रायॉरिटी' दिली की स्कॅनर मधूनमधून इकडं डोकावतो.

पोलीस, विमानतळ वगैरे मामा भरूच देत नाही. १९३३ च्या वायरलेस कायद्यानं नुसतं यंत्र जवळ ठेवायलाही परवाना सांगितला. आजोबांच्या साध्या रेडिओचंसुद्धा लायसनचं पुस्तक आमच्या कपाटात आहे. तरी एकदा मी गंमत म्हणून 'सर्च' लावला. वॉकीटॉकीवर दोघं कन्नडमध्ये बोलत होते. एकाला बायकोच्या ऑपरेशनला पैसे कमी पडत होते, आणि घरी सांगू नको म्हणत होता. कन्नड कळतं मला. लगेच बंद करायला हवं होतं. मी ते संपेपर्यंत ऐकलं.

तो चॅनेल लॉकआउट केलाय. आकडा मात्र अजून पाठ आहे.