इन्शुलिनचं ठिबक

लोधीखेड्याच्या संत्र्याच्या बागेत ज्यानं ठिबकच्या नळ्या अंथरल्यात, त्याला स्वयंचलित इन्शुलिन पंप निम्मा समजलाच! पंपही तेच करतो: थेंब थेंब, गरजेपुरतं, दिवसरात्र. टाइप 1 मधुमेहात शरीराचं इन्शुलिन जवळपास बंद होतं. तिथे हे ठिबक कामी येतं.

राखण फक्त एका चमच्याची
मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त. शुगर 100 असेल, तर त्या सगळ्या रक्तात साखर किती? अवघी 5 ग्रॅम, चहाचा एक चमचा!

दिवसात 288 वेळा
पंपाला साखर कळवणारे बरेच सेन्सर दर 5 मिनिटांनी आकडा देतात. मात्र ते मोजतात त्वचेखालच्या द्रवातली साखर, म्हणून रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतात. हातपाय थरथरतायत आणि आकडा छान दिसतोय? बोट टोचून खात्री करा.

पाणी तोडणारा पंप
बहारासाठी झाडाला ताण देताना आपण पाणी तोडतो. शुगर घसरू लागली, की हा पंपही इन्शुलिन कमी करतो किंवा थांबवतो. चढली, की वाढवतो. अमेरिकेत असा पहिला पंप मंजूर झाला 2016 मध्ये.

आधी होता पाठीवर
1963 च्या सुमारास डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी बनवलेला पंप सैनिकाच्या पिशवीसारखा पाठीवर घ्यावा लागे. आजचा खिशात मावतो.

पुरणपोळी त्याला दिसत नाही
ताटात किती कर्बोदकं आहेत, हे बहुतेक पंपांना जेवणाआधी सांगावंच लागतं. वर तूप असेल तर साखर उशिरा चढते, तेही ध्यानात ठेवायचं.

घसरली? 15 आणि 15
70 च्या खाली गेली, की 15 ग्रॅम साखर: पाण्यात 3 चहाचे चमचे, किंवा अर्धा ग्लास गोड संत्र्याचा रस. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

चढतच चाललीय? नळी बघा
ठिबकचं छिद्र बुजतं, तशी पंपाची नळीही दुमडते. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्शुलिन असतं. पुरवठा तुटला तर काही तासांतच रक्तात कीटोन नावाचे घातक पदार्थ वाढू लागतात. म्हणून इन्शुलिनचं पेन घरात हवंच.

माठाची कमाल
फ्रीज नसलेल्या घरात मातीचं मडकं इन्शुलिन थंड ठेवायला मदत करतं. बाष्पीभवनाची ही युक्ती कोरड्या उन्हाळ्यात जास्त चालते, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात!

एक डॉलर आणि नागपूर
इन्शुलिनच्या पेटंटसाठी शोधकांनी 1923 मध्ये प्रत्येकी 1 डॉलर घेतला. औषध सगळ्यांना मिळावं, ही इच्छा. पंपाची किंमत मात्र लाखांत. म्हणूनच शेजारच्या नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी उभारलेल्या ड्रीम ट्रस्टचं मोल मोठं: तिथे गरीब घरच्या टाइप 1 मुलांना इन्शुलिन आणि शिकवण मिळत आली आहे.

इन्शुलिनच्या शोधकांपैकी बॅंटिंग यांचा जन्मदिवस 14 नोव्हेंबर. जगाचा मधुमेह दिन आणि आपला बालदिन. त्या दिवशी शाळेत भाषणासोबत एवढं शिकवूया: वर्गमित्र घामाघूम होऊन थरथरला, तर त्याला काय द्यायचं. पंप नसलेल्या मुलाची राखण शेजारचा बाकही करू शकतो.