चिऊताईचं विंटर पॅकेज

डिसेंबर आला की आपण काय करतो? स्वेटर बाहेर काढतो, गीझर लावतो आणि अलार्म दोनदा स्नूझ करतो. भिंगारला पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरला, की ऑफिसला निघणं म्हणजे शिक्षाच! पण बाल्कनीच्या ग्रिलवर पिसं फुलवून बसलेल्या चिमणीचं काय? रात्र मोठी, पोट रिकामं आणि कौलं जाऊन स्लॅब आल्यामुळे वळचणही गायब.

या बाबतीत भिंगारकरांना एक भन्नाट गुरू लाभलाय. भिंगारशेजारच्या भुईकोट किल्ल्यात १९४२च्या ऑगस्टपासून मौलाना आझाद नजरकैदेत होते. त्यांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी थाटली, काड्या-कचरा सगळा खाली! मौलानांनी आधी त्यांना हुसकावून पाहिलं. चिमण्या हटल्या नाहीत. मग त्यांनी तह केला आणि तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली. रोज थोडं जवळ, थोडं जवळ, असं करत शेवटी पाखरं तळहातावरून दाणे टिपू लागली. हा किस्सा त्यांनी १९४३मध्ये लिहिला, तो 'गुबार-ए-खातिर'मध्ये आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी कलकत्त्यात गेल्या. त्यांची शेवटची भेटही झाली नाही. अशा दिवसांत सोबतीला होत्या त्या या चिमण्याच.

आपल्याला तर फक्त दहा मिनिटं काढायचीत.

एवढं करा
• मातीची उथळ परळ ठेवा. पाणी दोन बोटं पुरे, मध्ये एक दगड. रोज घासून पाणी बदला.
• मूठभर ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी सकाळी लवकर टाका. फरसाण, वेफर्स, शिळा ब्रेड नको.
• जागा मांजरीच्या उडीपासून लांब, पण झुडपाच्या जवळ.
• लाकडी घरट्याचं भोक साधारण सव्वातीन सेंटिमीटरचं असू द्या.
• कुंड्यांवर कीटकनाशक मारू नका. चिमणीची पिल्लं किड्यांवरच वाढतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थंडीपेक्षा जीवघेणी गोष्ट आपणच हातात धरतो, ती म्हणजे संक्रांतीचा नायलॉन मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून मिळतोच. हा मांजा कुजत नाही. झाडांत, तारांत महिनोन्‌महिने लोंबकळतो आणि पाखरांचे पंख कापतो. म्हणून पतंग साध्या दोऱ्याने उडवा आणि दुसऱ्या दिवशी मित्रांना गोळा करून गच्चीवरचा गुंता काढा. जखमी पक्षी दिसलाच, तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि वन विभागाला कळवा.

पहिल्याच दिवशी चिमण्या आल्या नाहीत, तर नाराज होऊ नका. मौलानांनाही वाट पाहावी लागली होती. आणि त्यांना तर सोमवारी ऑफिसही नव्हतं!