भांडं एक, घड्याळं तीन

टेक्सासहून एका वाचकांनी विचारलं आहे : ‘बीफ आणि राजम्याची चिली केली. मांस, रात्रभर भिजवलेला राजमा, टोमॅटो, मिरची सगळं एकदम चढवलं. तीन तासांनी मांस मऊ झालं, पण राजमा काही बोटचेपा होईना. असं का?’

चिली हा टेक्सासचा १९७७ पासूनचा अधिकृत राज्यपदार्थ. तिथले कट्टर खवय्ये तिच्यात राजमा घालूच देत नाहीत. पण या प्रश्नाचं उत्तर आपल्या आमटीतच आहे. डाळ शिजल्याशिवाय चिंच-आमसूल घालायचं नाही, हे घरोघरी पाळलं जातं. राजम्याच्या पेशींना विटांमधल्या चुन्यासारखं पेक्टिन धरून ठेवतं. उकळत्या पाण्यात ते विरघळत जातं, पेशी सुट्या होतात आणि दाणा मऊ पडतो. पाणी चिंचेने किंवा टोमॅटोने आंबट झालं असेल तर पेक्टिन दाद देत नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम तर ते आणखी घट्ट करतं. भिजवताना घातलेलं मीठ मात्र उपयोगी पडतं. सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल लवकर मऊ होते.

मांसाला आधी कोरडी, कडक आच हवी. खमंग तपकिरी रंग झपाट्याने यायला पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो, आणि पाणी तर १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणून तुकडे थोडे थोडे परतायचे. गर्दी झाली की पाणी सुटतं आणि मांस नुसतं उकडतं. परतल्याने रस आत कोंडला जातो, हे एकोणिसाव्या शतकातल्या लीबिग यांचं मत चुकीचं ठरलं आहे. परतायचं ते चवीसाठी.

हा तपकिरी रंग आणि चव देणाऱ्या, अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातल्या अभिक्रियेला नाव मिळालं लुई कामिय माइयार यांचं. त्यांनी ती १९१२ मध्ये मांडली. पण ती कोणकोणत्या टप्प्यांनी घडते, याचा नकाशा १९५३ मध्ये काढला जॉन हॉज यांनी. इलिनॉयमधल्या पिओरिया इथल्या सरकारी कृषी प्रयोगशाळेतले हे कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ. या अभिक्रियेचा अभ्यास आजही त्यांच्या आराखड्यावर उभा आहे. भाकरीचा पापुद्रा, कॉफी, भाजलेलं मांस या सगळ्यांची चव समजावून देणाऱ्या माणसाचं नाव माइयार यांच्या बरोबरीने घेतलं गेलंच पाहिजे.

परतून झालं की मांसाला मंद आच मानवते. खांद्याच्या मांसातलं चिवट कोलॅजेन दोन-तीन तासांत जिलेटिन होतं आणि रस्सा दाटतो.

राजम्याला मात्र मंद आच घातक आहे. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या माहितीनुसार, ८० अंशांपर्यंतच तापलेला राजमा कच्च्याहून पाचपट विषारी असू शकतो. स्लो कुकरचं तापमान अनेकदा याच टप्प्यात रेंगाळतं.

तेव्हा राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, आणि मगच तो परतलेल्या मांसात घाला. टोमॅटो दाणा बोटचेपा झाल्यावरच. डब्यातला राजमा शिजवलेलाच असतो, तो थेट चालेल. सुका राजमा न उकळता स्लो कुकरमध्ये कधीही टाकू नका.