दुकान टाकायच्या आधी पेठ जगा! गल्लीचं कॅलेंडर, घरातली छोटी कामं आणि तुमचा धंदा



मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता. "सर, गाळा बघितलाय, भाडं परवडतंय, टाकू का दुकान?" मी प्रत्येकाला उलटा प्रश्न विचारला. त्या गल्लीत संध्याकाळी सात वाजता किती वेळा चालला आहात? गणपतीत तिथे गर्दी असते का? समोरच्या बिल्डिंगमध्ये घरमालक जास्त आहेत की भाडेकरू? बहुतेकांकडे उत्तर नव्हतं. गाळ्याचा स्क्वेअर फूट माहिती, डिपॉझिट माहिती, पण गल्ली माहिती नाही.

माझं दुकान पुण्यात, पेठेत आहे. हार्डवेअर आणि रंग. बीबीएमध्ये मार्केट रिसर्चचा पेपर होता, त्यात सर्व्हे, सॅम्पल, ग्राफ सगळं शिकलो. पण खरा मार्केट रिसर्च म्हणजे आपल्या भागात मजेत राहणं. सणाला बाहेर पडणं, मांडवात थांबणं, शेजाऱ्याच्या घरात काय काम निघालंय ते बघणं. आज त्यावरच बोलू.

आधी गल्ली वाचायला शिका

पुण्याच्या जुन्या भागाची गंमत बघा. इथे प्रत्येक आळीला आपला धंदा आहे. वायर आणि लाइटचं सामान तपकीर गल्लीत. हार्डवेअर आणि पॅकिंगचं सामान बोहरी आळीत. लाकूड आणि प्लायवूड भवानी पेठेच्या टिंबर मार्केटला. तांब्याची भांडी कसब्यातल्या तांबट आळीत, टोपल्या-सुपं बुरूड आळीत, पुस्तकं आप्पा बळवंत चौकात, आणि संसाराचं बाकी सगळं तुळशीबागेत.

नवा माणूस म्हणतो, "तिथे एवढी दुकानं आहेत, म्हणजे तिथे धंदा आहे, मी पण तिथेच टाकतो." थांबा. तिथे होलसेलवाले बसलेत, त्यांच्या रेटला तुम्ही पुरणार नाही. तुमचा गिऱ्हाईक वेगळा आहे. एका बोल्टसाठी, एका नळाच्या वायसरसाठी ज्याला बोहरी आळीत गाडी लावायला जागा शोधायची नाहीये, तो तुमचा.

आता दुसरं उदाहरण. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोडचा पट्टा. हजारो मुलं-मुली एमपीएससीच्या तयारीसाठी इथे कॉट बेसिसवर राहतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात. त्यांना घर रंगवायचं नाहीये. त्यांना एक्स्टेंशन बोर्ड, टेबल लॅम्प, चांगलं कुलूप, भिंतीला भोक न पाडता चिकटणारा हुक आणि पुस्तकं ठेवायला छोटा रॅक हवा. हा माल आहे शे-दोनशे रुपयांचा, पण मुलं बदलत राहतात, त्यामुळे मागणी बारा महिने. तीन गल्ल्या सोडून जुन्या वाड्यात राहणारे आजी-आजोबा वेगळे. त्यांना बाथरूममध्ये धरायला दांडा हवा, गळका नळ आजच्या आज बंद व्हायला हवा. एकच पेठ, दोन वेगळी दुकानं!

पेठेचं कॅलेंडर भिंतीवर लावा

तुमच्या भागातले कार्यक्रम म्हणजे तुमच्या विक्रीचा आराखडा. माझ्या काउंटरमागे दोन कॅलेंडरं आहेत, एक बँकेचं आणि एक तिथीवालं. दुसरं जास्त कामाचं.

गुढीपाडव्याच्या आधी घर आवरायला काढतात, गुढीच्या काठीपासून दाराच्या रंगापर्यंत मागणी येते. मे महिना गच्चीचा. पावसाच्या आधी वॉटरप्रूफिंग, पत्रे, ताडपत्री, पाइपचे जॉइंट. आषाढी वारीत दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात. त्या दोन दिवसांत विकायचं काही नसतं. पाणी द्यायचं, चहा द्यायचा, वारकऱ्याची तुटलेली चप्पल शिवून द्यायची. व्हिजिटिंग कार्ड वाटत फिरू नका, वाईट दिसतं.

मग गणपती, नवरात्र, दिवाळी. दिवाळीत पणत्या, आकाशकंदील, आणि पोरांचा किल्ला! किल्ल्याला माती, पोतं, रंग, छोटा पाइप आणि कारंज्याची मोटर लागते. ज्या दुकानदाराने किल्ल्याचं सामान एका पिशवीत बांधून ठेवलं, त्याच्याकडे पोरगं येतं आणि मागे बापही येतो. डिसेंबर तर पुण्याचा हक्काचा महिना. मॅरेथॉन, सवाई गंधर्व, फर्ग्युसनवरचा पुस्तक महोत्सव, आणि 11 डिसेंबरला पादचारी दिनी लक्ष्मी रोडवर गाड्या बंद. त्या दिवशी एकदा मुद्दाम जा. गाडीवरून जाणारा माणूस आणि चालणारा माणूस दुकानाकडे कसा वेगळा बघतो, हे तिथे फुकट शिकायला मिळतं.

आता पैशाचा मुद्दा. 2024 मध्ये गणपती 7 सप्टेंबरला आले, 2025 मध्ये 27 ऑगस्टला, आणि 2026 मध्ये अधिक महिना असल्यामुळे थेट 14 सप्टेंबरला. दिवाळीचं लक्ष्मीपूजन 2025 ला 21 ऑक्टोबर, तर 2026 ला 8 नोव्हेंबर. म्हणजे मागच्या वर्षीच्या तारखा बघून माल भरलात तर अडीच आठवडे पैसा अडकून पडणार, आणि व्यापाऱ्याचं 30 दिवसांचं क्रेडिट सणाच्या आधीच संपणार. माल तिथी बघून भरा, पेमेंटची मुदतही तिथी बघून मागा.

आणखी एक. गणपतीच्या दहा दिवसांत मध्य पेठेत गर्दी लाखोंची, पण संध्याकाळी रस्ते बंद. टेम्पो आत येत नाही. रंगाची बादली विकत घेऊन कोणी त्या गर्दीतून चालत जात नाही. माझा त्या दिवसांतला गल्ला दोरी, वायर, बल्ब, चिकटपट्टी यांचा. रंगाचा धंदा त्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत होऊन जातो. "गर्दी म्हणजे विक्री" हे गणित प्रत्येक मालाला लागू नाही.

घर सुधारणं म्हणजे मोठं रिनोव्हेशन नव्हे

लोकांना वाटतं घराचं काम म्हणजे मॉड्युलर किचन आणि फॉल्स सिलिंग. पेठेत पन्नास टक्के कामं एका दुपारची असतात, हा माझ्या काउंटरवरचा अंदाज. पण त्या छोट्या कामात सल्ला बरोबर दिलात तर गिऱ्हाईक कायमचं होतं.

उदाहरण घेऊ. एक काका येतात, "दहा बाय बाराची खोली रंगवायचीय, किती रंग लागेल?" अंदाजे डबा देऊ नका, हिशोब करून दाखवा.

खोलीचा घेर 44 फूट. उंची 9 फूट. 44 गुणिले 9 म्हणजे 396 चौरस फूट. त्यातून दार 3 बाय 7 म्हणजे 21, खिडकी 4 बाय 4 म्हणजे 16 वजा करा. राहिले 359. समजा डब्यावर दोन हातांसाठी लिटरला 120 चौरस फूट कव्हरेज लिहिलंय, तर 3 लिटर पुरेल. वर छत 120 चौरस फूट, त्याला पांढरा 1 लिटर. झालं! चार लिटरचं काम आहे, दहा लिटरची बादली गळ्यात मारू नका. मशीनवर शेड करून दिलेला रंग परत घेता येत नाही, म्हणून आकडा बरोबर सांगणं ही तुमची जबाबदारी.

आणि भिंतीला ओल असेल तर आधी ओल कुठून येते ते शोधायला सांगा. जुन्या वाड्यांच्या भिंती विटा, चुना आणि मातीच्या. त्या श्वास घेतात. वरून सिमेंटचा गिलावा किंवा ऑइल पेंट मारला की आतली ओल आतच कोंडते आणि पावसाळ्यात पोपडे निघतात. "काका, आत्ता रंग घेऊ नका, आधी वरचा पाइप बघा," असं म्हणाल तर आजचे दोन हजार जातील. पण पाइप झाल्यावर ते दुसऱ्या दुकानात जाणार नाहीत. दहा मिनिटांत घरपोच माल आणणारं ॲप बल्ब आणून देईल, स्क्रू आणून देईल. भिंतीवर हात ठेवून "आधी ओल बघा" म्हणणार नाही. तुमचं भांडवल ते आहे.

एक खरा निर्णय

मागच्या बॅचमधल्या एका तरुणाची गोष्ट, त्याच्या परवानगीने. वय 28, नोकरी चालू, साठवलेले साडेचार लाख, घरी लहान मुलगी. इलेक्ट्रिक-हार्डवेअरचं दुकान टाकायचं म्हणत होता. गाळ्याचं भाडं 18,000. मालक म्हणत होता, दोन दिवसांत टोकन द्या, मागे दुसरा उभा आहे.

आम्ही वर्गात फळ्यावर मांडलं. भाडं 18,000, मदतनीस 12,000, लाइट बिल 2,500, किरकोळ 3,500. महिन्याला 36,000 काहीही विकलं नाही तरी जाणार. सरासरी मार्जिन 20 टक्के धरलं तर नुसता खर्च निघायला महिन्याची विक्री हवी 1,80,000. महिन्याचे 26 दिवस धरले तर रोजचे साधारण 7,000. एक बिल 250 रुपयांचं, तर रोज 28 गिऱ्हाईकं. आणि यात त्याचा स्वतःचा पगार शून्य!

मी सांगितलं, टोकन देऊ नकोस, महिनाभर त्या गल्लीत राहा. म्हणजे खरंच राहा. संध्याकाळी चहा तिथे पी, मंडळाच्या मीटिंगला बस, इस्त्रीवाल्याशी बोल. त्याने वही केली. महिन्याअखेरीला वहीत तीन गोष्टी होत्या. एक, समोरचे दोन वाडे रीडेव्हलपमेंटला जाणार होते, म्हणजे पंचवीस-तीस घरं दोन-तीन वर्षं रिकामी. दोन, त्या गल्लीत सामान मिळत नाही अशी तक्रार कोणाचीच नव्हती. तीन, जवळजवळ प्रत्येक जण म्हणाला, "छोट्या कामाला माणूस मिळत नाही."

त्याने गाळा सोडला. घरी वाद झाला, वडील म्हणाले हातची जागा घालवली. त्याने नोकरी चालू ठेवून एक प्लंबर आणि एक परवानाधारक वायरमन जोडीला घेतला आणि शनिवार-रविवार छोटी कामं घ्यायला सुरुवात केली. नळ, पंखा, पडद्याचे रॉड, दाराची बिजागरी. ड्रिल मशीन, शिडी, हत्यारं मिळून खर्च 22,000. गाळा अजून घेतलेला नाही. पण साडेचार लाखांतले सव्वाचार लाखांहून जास्त शिल्लक आहेत, आणि कुठल्या गल्लीत घ्यायचा ते आता त्याला कळतंय.

मंडळ, वर्गणी आणि तुम्ही

दुकान टाकलं की वर्गणी आलीच. वैतागू नका, आणि वाहवतही जाऊ नका. वर्षाचा आकडा एप्रिलमध्येच ठरवा, तेवढाच द्या, पावती घ्या. शक्य असेल तिथे पैशाऐवजी सामान द्या, दोरी, ब्रश, वायर. आणि एक संध्याकाळ स्वतः मांडवात हात लावा. गल्लीतला इलेक्ट्रिशियन, सुतार, पेंटर, डेकोरेटर तिथेच भेटतात. हेच लोक उद्या गिऱ्हाईकाला सांगतात, "सामान त्यांच्याकडून आणा."

पण फक्त धंद्यासाठी जाऊ नका. लोकांना लगेच कळतं. पेठेतली जुनी घरं कमी होतायत, माणसं कोथरूडला, सिंहगड रोडला गेलीत. जी उरलीत त्यांना गल्लीत ओळखीचा चेहरा हवाय. संध्याकाळी लाइट चालू असलेलं दुकान असलं की म्हातारी माणसं, शाळेतून येणारी पोरं निर्धास्त चालतात. गल्ली टिकली तर दुकान टिकेल, हे लक्षात ठेवा.

कागदपत्रं थोडक्यात

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्रात शॉप ॲक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. राज्यातल्या राज्यात नुसता माल विकणाऱ्याला जीएसटीची मर्यादा साधारणपणे वर्षाला 40 लाख, पण सेवा देत असाल तर 20 लाख. माल आणि काम दोन्ही करणार असाल तर सीएला आधी विचारा. सणात खाण्याचा स्टॉल लावणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी लागते.

या महिन्याचा गृहपाठ

1. एक वही घ्या. तुमच्या गल्लीत सकाळी 8, दुपारी 1 आणि संध्याकाळी 7 ला पंधरा-पंधरा मिनिटं उभे राहा. एक कामाचा वार, एक रविवार. माणसं मोजा.
2. पुढच्या बारा महिन्यांचे सण आणि स्थानिक कार्यक्रम तिथी बघून लिहा. समोर लिहा, काय विकलं जाईल आणि काय विकलं जाणार नाही.
3. दहा घरांत विचारा, "घरातलं कुठलं काम सहा महिने राहिलंय?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.
4. वर दाखवला तसा रोजच्या गिऱ्हाईकांचा आकडा काढा. पहिल्या मुद्द्यातल्या मोजणीशी ताडून बघा.
5. आणि एक कार्यक्रम असा निवडा, जिथे काहीही विकायचं नाही. नुसतं जायचं, घरच्यांना घेऊन.

वही भरली की गाळ्याच्या मालकाशी बोला. तोपर्यंत टोकन खिशातच राहू द्या. पुढच्या व्हिडिओत भाडेकराराची कलमं एक-एक करून बघू. भेटू!